डोंगराची माती, नाल्याचे पाणी

चेंबूरच्या पलीकडे माहुल. एका अंगाला ट्रॉम्बेचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगरावर पडलेल्या पाण्याला खाडीपर्यंत पोचायला फार लांब जावे लागत नाही. पण एवढ्याशा वाटेत आपण जमिनीचे काय केले, हे पाहिले तर मुंबईतल्या पुराचा बराचसा उलगडा होतो.

18 जुलै 2021 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुसळधार पावसात माहुलच्या भारतनगर वस्तीत उतारावरची संरक्षक भिंत घरांवर कोसळली. 19 माणसे गेली. अशा वेळी ‘भिंत पडली’ एवढेच आपण म्हणतो. भिंतीमागे काय चालले होते, हे कोणी पाहत नाही. झाडी असलेल्या उतारावर थेंब आधी पानांवर आणि मग पाचोळ्यावर पडतो. त्याचा जोर तिथेच मोडतो. खाली मुळे माती धरून ठेवतात. झाडी गेली आणि घरासाठी पायथा खणून सपाट केला, की वरच्या मातीचा टेकू निघतो. पाणी मुरून माती जड होते. भिंतीला पाणी निघायला भोके नसतील किंवा ती बुजलेली असतील, तर माती आणि पाणी या दोघांचाही रेटा भिंतीवर येतो. तिथे राहणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांना परवडेल अशी दुसरी जागा या शहरात कुठे होती, ते मात्र कोणी सांगत नाही.

भिंत पडली नाही तरी उघड्या उताराची माती दर पावसात वाहतेच. ती नाल्यात बसते आणि नाला उथळ होतो. मग पावसाळ्याआधी नालेसफाई निघते. उपसलेला गाळ पुष्कळदा काठावरच सुकत पडतो आणि पहिल्याच सरीत त्यातला काही पुन्हा नाल्यात उतरतो!

नाल्यांचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या जुन्या गटारांची रचना ताशी 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून झाली होती. त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, असेही धरले होते. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पाऊस ताशी 50 मिलिमीटर धरला आणि मुरणारा हिस्सा शून्य. म्हणजे तेवढ्याच जमिनीवरचे चौपट पाणी नाल्याने वाहून न्यायचे. शहरातली जमीन आता पाणी पीत नाही, हे त्या आकड्यात सरळ मान्य केलेले आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर मिठीच्या खोऱ्यात घडले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कुठेही पूर आणील. पण विहार-पवईपासून माहीमपर्यंत जेमतेम 18 किलोमीटरच्या या नदीला विमानतळापाशी काटकोनात वळवलेले, आणि वांद्रे-कुर्ल्याच्या खारफुटीवर भराव घातलेला. खाली पसरायला जागा नसल्याने पाणी कुर्ला, कलिन्याच्या घरांत शिरले.

माहुलला ही पसरण्याची जागा म्हणजे मिठागरे आणि तिवरांची दलदल. भरतीला खाडीचे पाणी नाल्यांच्या तोंडात चढते. त्याच वेळी पाऊस असला, तर ओहोटी लागेपर्यंत वरचे पाणी कुठेतरी थांबायला हवे. चेंबूर, वडाळा, किंग्ज सर्कल भागाचे पाणी याच खाडीकडे येते. 1993 च्या अहवालाने सुचवलेल्या आठ उदंचन केंद्रांत माहुलचे नाव होते. पण जागा मिठागराची निघाली आणि काम वर्षानुवर्षे अडले. केंद्र हवेच. मात्र पंप पाणी उपसतो, डोंगरावरची माती काही वर थांबवत नाही.

उताराखाली राहणाऱ्यांनी पावसाळ्यात काही खुणांवर लक्ष ठेवावे. भिंतीला नवी भेग, तिचा फुगलेला भाग, वरच्या जमिनीत पडलेली चीर, कललेले झाड वा खांब. भिंतीच्या भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत आपले काम करते आहे. ते एकाएकी गढूळ झाले, किंवा जोराच्या पावसात अचानक थांबले, तर रात्र असली तरी मुलाबाळांना घेऊन घराबाहेर, उतारापासून दूर जावे. सामान मागाहून आणता येते.