अस्थिवैद्याची घडण

माडावरून पडलेला पाडेली किंवा खेळताना हात मोडून घेतलेले मूल रात्री-अपरात्री मोठ्या सरकारी इस्पितळात येते, तेव्हा त्याला प्रथम तपासणारा वैद्य बहुधा तरुण असतो. त्याला 'निवासी डॉक्टर' म्हणतात. तो पदवीधर असतो, आणि तरीही विद्यार्थीच असतो. मग अशा शिकाऊ हाती रोग्याचे हाड सोपवावे काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर या शिक्षणाच्या रचनेत सापडते.

'निवासी' हे नाव अन्वर्थक आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडले. तेथील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण वैद्यांना इस्पितळातच ठेवून घेऊन त्यांच्यावरील जबाबदारी पायरीपायरीने वाढविण्याची पद्धत रूढ केली. पुढे ती इतरत्र पसरली.

'ऑर्थोपेडिक्स' हा शब्द मात्र याहून जुना आहे. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून तो घडविला. त्याच्या ग्रंथात खुंटाला बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र होते. तेच आज या शास्त्राचे बोधचिन्ह झाले आहे. आम्हांस वाटते, ते शिष्याच्या घडणीलाही तितकेच लागू पडते.

आपल्या देशात साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता संपली की वैद्यकाची पदवी मिळते. त्यानंतर प्रवेशपरीक्षा, आणि मग तीन वर्षांचा 'एम. एस.' हा अभ्यासक्रम. १८४२ सालच्या पणजीच्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या व आज बांबोळीस असलेल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही तो शिकविला जातो.

पहिल्या वर्षी निवासी डॉक्टर प्लास्टर घालावयास, वजन लावून मोडका पाय ताणून ठेवावयास आणि जखम धुवावयास शिकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो केवळ रोग्याचा अवयव धरून उभा राहतो. पण पाहणे हेही शिकणेच होय. प्लास्टिकच्या हाडांवर भोक पाडून स्क्रू बसविण्याचा सरावही त्याला करावा लागतो. पुढे वडीलधारा वैद्य शेजारी उभा असताना तो सोप्या शस्त्रक्रिया करतो, मग अवघड. आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच धाकट्यांना शिकवू लागतो. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत होते. प्रबंध लिहावा लागतो, आणि अखेरच्या परीक्षेत प्रत्यक्ष रोगी तपासून निदान सांगावे लागते.

परंतु सर्वांत कठीण धडा शस्त्राचा नव्हे, सावधपणाचा आहे. नडगीचे हाड मोडले असता कधी कधी आतील स्नायू सुजून घट्ट आवरणात कोंडतात व त्यांचा रक्तपुरवठा अडतो. बाहेरून फारसे काही दिसत नाही. मात्र वेदना प्रमाणाबाहेर वाढते आणि पायाची बोटे ताणताच रोगी कळवळतो. ही खूण ओळखून काही तासांत ते आवरण चिरले नाही, तर पाय कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी संकोच न करता वरिष्ठांना झोपेतून उठविणे, हीच निवासी डॉक्टरची खरी परीक्षा.

ही जागरूकता थकलेल्या देहात टिकत नाही. सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत म्हटले आहे. तरीही अनेक ठिकाणी ही मर्यादा पाळली जात नाही. यात हानी केवळ शिकणाऱ्याची नाही, रोग्याचीही आहे.

तेव्हा आरंभीच्या शंकेचे उत्तर असे : रोगी एकट्या शिकाऊ हाती सोपवावयाचा नसतो, त्या हातामागे अनुभवी हात असावा लागतो. झाडाची दोरी एकदम तोडावयाची नसते, खोड बळकट होईल तसतशी ती सैल करावयाची असते. आम्हां शिक्षकांनाही याहून वेगळी रीत ठाऊक नाही.