ड्रॉप-फ्रेममध्ये चित्राची एकही फ्रेम गळत नाही

व्हिडिओ संकलनाच्या क्षेत्रात खोलवर रुजलेला आणि वारंवार खोडून काढूनही टिकून राहिलेला गैरसमज असा की, सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रॉप-फ्रेम' टाइमकोड निवडला की चित्रातील काही फ्रेम्स गाळल्या जातात आणि त्यामुळेच लांबलचक मुलाखतीत बोलणाऱ्याचे ओठ व आवाज यांची फारकत होते. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम या चार घटकांत दिलेला क्रमांक; ड्रॉप-फ्रेम पद्धतीत वगळले जातात ते यांपैकी काही क्रमांक, चित्र नव्हे.

या पद्धतीचे मूळ अमेरिकी दूरचित्रवाणीत आहे. तेथे सेकंदाला ३० फ्रेम्स दाखवल्या जात. परंतु १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक स्वीकारताना, रंगाच्या व आवाजाच्या लहरी एकमेकींत मिसळून पडद्यावर नक्षी उमटू नये म्हणून हा वेग साधारण एक हजारांशाने कमी करण्यात आला आणि तो सुमारे २९.९७ झाला. टाइमकोड मात्र पूर्ण ३० क्रमांक झाल्यावरच एक सेकंद धरतो, त्यामुळे घड्याळाचा एक तास होतो तेव्हा १,०८,००० ऐवजी सुमारे १,०७,८९२ फ्रेम्सच झालेल्या असतात आणि टाइमकोड १०८ क्रमांकांनी, म्हणजे ३.६ सेकंदांनी, मागे पडतो. ठरलेल्या वेळेला कार्यक्रम संपवावा लागणाऱ्या वाहिनीला हा फरक परवडणारा नव्हता. म्हणून दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला वगळायचे नाहीत, असा नियम करण्यात आला; तासातील ५४ मिनिटांत प्रत्येकी दोन, असे बरोबर १०८ क्रमांक त्यात वजा होतात.

०१:००:५९;२९ या फ्रेमनंतर ०१:०१:००;०२ ही फ्रेम येते, आणि चित्रणात या दोन फ्रेम्स एकमेकींना लागूनच असतात. बाणाची कळ दाबून या जागी एकेक फ्रेम पुढे सरकले, तर हलणारा हात कोठेही उडी मारताना दिसत नाही. इतक्या सोप्या पडताळणीनंतरही शंका उरत असेल, तर चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या 'एसएमपीटीई' या अमेरिकी संस्थेचे 'एसटी १२' हे मानक पाहावे. त्यातही वगळण्याचा नियम केवळ क्रमांकांपुरता आहे. असे असताना सिंक, म्हणजे चित्र व आवाज यांचा मेळ, बिघडला की ड्रॉप-फ्रेमला दोष देणे म्हणजे खऱ्या कारणाचा शोधच थांबवणे होय, कारण ही निवड बदलल्याने टाइमलाइनवरील चित्र व आवाज तसूभरही हलत नाहीत.

खरी कारणे वेगळी असतात. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांची अंतर्गत घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत; त्यांच्यात दहा लाखांत १० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि सेकंदाला २५ फ्रेम्सच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. अंतर तासाला नेमके ३.६ सेकंद असेल, तर ३० आणि २९.९७ या वेगांची गल्लत झाली आहे असे जवळजवळ निश्चित समजावे आणि क्लिपचा फ्रेम-दर तपासावा. मोबाइलचे चित्रण पुष्कळदा बदलत्या फ्रेम-दराचे असते. ते संकलनापूर्वी स्थिर दरात रूपांतरित करणे हिताचे.

दोन्ही यंत्रांवर एकच टाइमकोड असला की सिंक कायम राहतो, हा समजही खरा नाही. टाइमकोड क्लिप कोठे ठेवायची ते सांगतो, यंत्रांचा वेग बांधून ठेवत नाही. भारतातील २५ फ्रेम्सच्या कामाला ड्रॉप-फ्रेम लागतच नाही, कारण तेथे दर पूर्णांकी आहे. टाइमकोड असल्यावर क्लॅपची, म्हणजे चित्रणाच्या आरंभी वाजवल्या जाणाऱ्या फळीची किंवा टाळीची, गरज उरत नाही, असेही मानले जाते. पण टाइमकोडची अचूकता एका फ्रेमपुरती असते, तर कॅमेऱ्याच्या आणि ध्वनिमुद्रकाच्या आवाजात उमटलेले क्लॅपचे टोक जुळवताना ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात त्याच ४० मिलिसेकंदांचे १,९२० नमुने हाताशी असतात.