हेल्पर येथील खाण व रेल्वे संग्रहालय : स्थानिक इतिहासाचे साधन

अमेरिकेतील युटा राज्याच्या कार्बन परगण्यात हेल्पर हे लहानसे गाव आहे. टिअँकम प्रॅट याने १८८१ मध्ये तेथे वस्ती केली. १८८३ पर्यंत या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. पुढील सोल्जर समिटचा चढ कठीण असल्याने गाड्यांना येथे जादा इंजिने जोडली जात. बोर घाटासाठी कर्जतला गाड्यांना मागून इंजिने जोडतात, तसाच हा प्रकार होय. या साहाय्यक इंजिनांवरूनच गावास 'हेल्पर' हे नाव मिळाले.

गावातील एका जुन्या हॉटेलच्या वास्तूत 'वेस्टर्न मायनिंग अँड रेलरोड म्युझियम' आहे. खाण आणि रेल्वे यांचा इतिहास तेथे एकत्र मांडला आहे, हे उचितच होय. रेल्वेस कोळसा हवा होता, कोळशास रेल्वे आणि दोहोंस मजूर. हे मजूर ग्रीस, इटली, जपान अशा देशांतून आले. ८ मार्च १९२४ रोजी जवळच्या कॅसल गेट येथील खाणीत स्फोट होऊन १७१ कामगार दगावले. बचावकार्यातही एकाचा मृत्यू झाला. मागणी घटल्याने त्यापूर्वीच अनेक अविवाहित कामगारांना कमी करण्यात आले होते. परिणामी मृतांत कुटुंबवत्सल पुरुषांचे प्रमाण मोठे होते.

१९७० च्या दशकात कॅसल गेट गावही हटविण्यात आले. जेथे घटनास्थळावरील वस्तीच उरत नाही, तेथे छायाचित्रे, हत्यारे व नोंदी जपणारे संग्रहालय हेच श्रमिकांच्या इतिहासाचे प्रमुख साधन ठरते.