फ्लॉपी तबकडी व तिच्यावरील फाइलींची व्यवस्था

फ्लॉपी तबकडी : पातळ व लवचिक प्लॅस्टिकच्या चकतीवर लोहाच्या ऑक्साइडाचा चुंबकीय लेप देऊन तयार केलेले, संगणकातील माहिती साठविण्याचे व ड्राइव्हमधून काढता-घालता येणारे साधन. ‘फ्लॉपी’ म्हणजे लुळी, सहज वाकणारी. आयबीएम कंपनीचा पहिला व्यक्तिगत संगणक (पीसी) ऑगस्ट १९८१ मध्ये विक्रीस आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. त्यावर काम करणाऱ्याची पत्रे, हिशेब, एवढेच नव्हे तर संगणक चालविणारी परिचालन प्रणालीसुद्धा या तबकड्यांवरच असे. यामुळे तबकड्या सांभाळणे व त्यांवरील फाइली नीट ठेवणे हे या संगणकावरील कामाचे एक मुख्य अंग होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या संगणकावरील डॉस प्रणाली व सव्वापाच इंची तबकडी यांचा विचार केला आहे.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये ८ इंच (सु. २०३ मिमी.) व्यासाची तबकडी प्रथम वापरात आणली. मोठ्या संगणकाला सुरुवातीच्या सूचना पुरविणे एवढेच तिचे काम होते व तिच्यावरील मजकूर केवळ वाचता येई. माहिती लिहिताही येईल अशी तबकडी याच कंपनीच्या ‘३७४०’ या माहिती नोंदविण्याच्या यंत्राबरोबर १९७३ मध्ये आली. शुगार्ट असोशिएट्स या कंपनीने १९७६ मध्ये सव्वापाच इंची (सु. १३३ मिमी.) तबकडीचा ड्राइव्ह तयार केला आणि लहान संगणकांना परवडणारे साठवणीचे साधन मिळाले. कडक आवरणाची साडेतीन इंची तबकडी सोनी कंपनीची असून १९८४ मधील मॅकिंटॉश व १९८७ मधील आयबीएम पीएस/२ या संगणकांमुळे तिचा प्रसार झाला.

रचना : सव्वापाच इंची तबकडी चौकोनी प्लॅस्टिकच्या आवरणात कायमची बंद केलेली असते. आवरणाच्या आतील बाजूस मऊ कापडासारखे अस्तर असते. तबकडी फिरताना ते तिच्यावरील धूळ टिपून घेते. आवरणातील लांबट झरोक्यातून ड्राइव्हचे वाचन-लेखन शीर्ष चकतीला प्रत्यक्ष टेकते. हार्ड डिस्कमध्ये शीर्ष पृष्ठभागापासून किंचित अधांतरी राहते, येथे मात्र ते घासत जाते. झरोक्यावर बोट लागले असता त्वचेचा तेलकटपणा लेपावर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. आवरणाच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की ड्राइव्ह त्या तबकडीवर लिहीत नाही. ८ इंची तबकडीत याच्या नेमके उलट होते : तेथे खाच उघडी असेल तर लेखन बंद व झाकली तर चालू. एका प्रकारावरून दुसऱ्यावर आलेल्या माणसाची यात फसगत होणे साहजिकच होते.

तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते. तिच्या प्रत्येक बाजूवर ४० समकेंद्री वर्तुळे कल्पिलेली असून त्यांना ट्रॅक म्हणतात. दोन लगतच्या ट्रॅकमधील अंतर सु. ०·५३ मिमी. असते. प्रत्येक ट्रॅकचे सेक्टर नावाचे भाग पाडतात व एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. डॉसच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत तबकडीची एकच बाजू व प्रत्येक ट्रॅकवर ८ सेक्टर वापरीत, म्हणजे एकूण १,६३,८४० बाइट. पुढे दोन्ही बाजू वापरात आल्या आणि मार्च १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत सेक्टरांची संख्या ९ झाली. यातून ३,६८,६४० बाइटांची, म्हणजे ‘३६० के’ या नावाने परिचित झालेली तबकडी सिद्ध झाली.

ट्रॅक व सेक्टर कोऱ्या तबकडीवर मुळात नसतात. ‘फॉरमॅट’ या आज्ञेने ते आखावे लागतात. प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा ट्रॅक, बाजू व क्रमांक सांगणारी नोंद चुंबकीय रूपात लिहिली जाते. शेतजमिनीची मोजणी करून हद्दीचे दगड पुरावेत तसेच हे काम आहे. आखणी करताना सव्वापाच इंची तबकडीवरील जुना मजकूर पुसला जात असे, म्हणून ही आज्ञा चुकीच्या तबकडीवर दिली जाणे हा सर्वांत महागात पडणारा प्रमाद होता.

फाइल व तिचा ठावठिकाणा : वापरणाऱ्याच्या दृष्टीने फाइल म्हणजे नाव असलेला एकसंध मजकूर. तबकडीवर मात्र असा एकसंध मजकूर बहुधा आढळत नाही. तेथे असतात ते केवळ सेक्टर. कोणते सेक्टर कोणत्या क्रमाने वाचले म्हणजे अमुक फाइल होते, ही माहिती वेगळी लिहून ठेवलेली असते. ती नष्ट झाली तर मजकुराचे अक्षर न् अक्षर शाबूत असूनही फाइल सापडत नाही. उलट, ती माहिती पुन्हा जुळविता आली तर गेलेली फाइल परत मिळते. फाइल-व्यवस्थापनातील बहुतेक सोयी, गैरसोयी व अपघात यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

‘३६० के’ तबकडीवरील ७२० सेक्टरांपैकी पहिले १२ व्यवस्थेसाठी राखून ठेवलेले असतात. पहिला सेक्टर संगणक सुरू होताना वाचला जातो. त्यानंतरचे ४ सेक्टर वाटप-तक्त्याच्या दोन प्रतींचे (प्रत्येकी २) आणि पुढील ७ मुख्य सूचीचे असतात. उरलेले ७०८ सेक्टर दोन-दोनांच्या जोड्यांनी वापरले जातात. या १,०२४ बाइटांच्या जोडीला येथे पुंज म्हटले आहे. असे ३५४ पुंज, म्हणजे ३,६२,४९६ बाइट, वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात.

सूचीत प्रत्येक फाइलीसाठी ३२ बाइटांची एक नोंद असते. तीत ८ अक्षरांपर्यंतचे नाव, ३ अक्षरांचे उपनाम, तारीख, वेळ, लांबी व पहिल्या पुंजाचा क्रमांक येतो. नोंदीत वेळेसाठी दोनच बाइट ठेवल्याने ती दोन सेकंदांच्या पटीतच लिहिता येते. पहिल्या पुंजानंतर कोठे जावयाचे ते वाटप-तक्ता सांगतो. समजा, एक पत्र २,५०० बाइटांचे आहे. त्याला तीन पुंज लागतील. सूचीतील नोंद सांगते की, पहिला पुंज ९ वा. तक्त्याच्या ९ व्या घरात १० हा अंक आहे, १० व्या घरात १५ व १५ व्या घरात ‘येथे समाप्त’ अशी खूण. म्हणजे पत्र ९, १० व १५ या पुंजांत आहे. मधले ११ ते १४ दुसऱ्या कोणत्या तरी फाइलीकडे आहेत. रिकाम्या पुंजाच्या घरात शून्य असते व खराब आढळलेल्या पुंजाच्या घरात एक विशिष्ट अंक असतो, त्यामुळे तो पुंज पुन्हा कोणालाही दिला जात नाही.

या पद्धतीत थोडी उधळपट्टी आहे. वरील पत्राने ३,०७२ बाइट अडविले. एका शब्दाची फाइलसुद्धा पूर्ण पुंज व्यापते. तसेच मुख्य सूचीत ११२ नोंदींनाच जागा असल्याने लहान-लहान फाइली पुष्कळ झाल्या, तर तबकडीवर जागा शिल्लक असूनही ११३ वी फाइल घेतली जात नाही. सूचीच्या आत उपसूची करण्याची सोय डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत आली व ही अडचण दूर झाली. फाइली वारंवार लांबविल्या व काढल्या की त्यांचे पुंज विखुरतात. मग शीर्षाला मागे-पुढे धावावे लागते आणि ड्राइव्हचा खरखर आवाज वाढतो. अनुभवी माणूस या आवाजावरूनच तबकडीची अवस्था ओळखी.

फाइल काढून टाकणे : ‘डिलीट’ या आज्ञेने मजकूर पुसला जातो ही समजूत चुकीची आहे. या आज्ञेने फक्त दोन गोष्टी घडतात : सूचीतील नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा सांकेतिक अंक लिहिला जातो आणि वाटप-तक्त्यातील त्या फाइलीच्या घरांत शून्ये भरली जातात. प्रत्यक्ष पुंजांना हात लागत नाही. नवी फाइल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच राहतो. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये विक्रीस आणलेल्या आज्ञावली-संचाची ख्याती मुख्यतः या वस्तुस्थितीचा उपयोग करून घेतल्याने झाली. अशी आज्ञावली फाइल परत आणताना वापरणाऱ्याला नावाचे पहिले अक्षर विचारते, कारण तेवढे एकच अक्षर खरोखर नष्ट झालेले असते. पहिला पुंज व लांबी सूचीतून कळते. पुढील पुंजांचा क्रम मात्र तक्त्यातून पुसला गेल्याने तो अनुमानाने ठरवावा लागतो. फाइल सलग असेल तर अनुमान बरोबर येते, विखुरलेली असेल तर हमी नाही. म्हणून फाइल चुकून काढली गेल्यास त्या तबकडीवर दुसरे काहीही न लिहिणे व प्रथम ‘डिस्ककॉपी’ने तिची संपूर्ण प्रत करून त्या प्रतीवर प्रयोग करणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. डॉसमध्येच ही सोय १९९१ च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. ती इतक्या उशिरा का यावी, याचे समर्थन करणे कठीण आहे. याच गुणधर्माची दुसरी बाजूही आहे. गोपनीय पत्र ‘काढून’ तबकडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने पत्रही सोबत दिलेले असे.

वापर व अपघात : दोन ड्राइव्हच्या संगणकात ‘ए’मध्ये आज्ञावलीची व ‘बी’मध्ये मजकुराची तबकडी ठेवीत. एकच ड्राइव्ह असल्यास डॉस त्यालाच आलटूनपालटून ए व बी मानी आणि तबकडी बदलण्याची सूचना पडद्यावर देई. एका तबकडीची प्रत करण्यासाठी स्मृतीच्या प्रमाणात अनेकदा अदलाबदल करावी लागे. या गडबडीत मूळ तबकडीवरच लेखन होऊ नये म्हणून तिच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावणे ही जाणत्यांची सवय होती.

‘३६० के’ ड्राइव्हमध्ये तबकडी बदलल्याची खात्रीची खबर संगणकाला देण्याची सोय नव्हती. फाइल उघडी असताना तबकडी बदलली गेली, तर स्मृतीत असलेला पहिल्या तबकडीचा वाटप-तक्ता दुसरीवर लिहिला जाई आणि दुसरीवरील सर्व फाइलींचे क्रम एका क्षणात बिघडत. गॅरी किल्डॉल यांची आधीची सीपी/एम प्रणाली अशा वेळी लिहिण्यास साफ नकार देई. लोक तिला हट्टी म्हणत, पण या एका बाबतीत तिचा हट्ट डॉसच्या सैलपणापेक्षा बरा होता. डॉसने तक्त्याच्या दोन प्रती ठेवल्या खऱ्या, तथापि त्या एकाच ट्रॅकवर शेजारी-शेजारी असल्याने एका ओरखड्यात दोन्ही सापडण्याचा संभव राही.

फाइल बंद होण्यापूर्वी वीज गेली, तर दुसरा अपघात होई. पुंज दिले गेलेले असत, पण लांबीची नोंद सूचीत शेवटी होत असल्याने फाइल शून्य लांबीची दिसे. असे बेवारस पुंज ‘चेकडिस्क’ ही आज्ञा शोधून काढी व वापरणाऱ्याने संमती दिल्यास त्यांच्या वेगळ्या फाइली बनवी. तासभराचे टंकलेखन कधीकधी अशा निनावी फाइलीतून परत मिळे.

तिसरा घोटाळा १९८४ च्या पीसी-एटी संगणकापासून सुरू झाला. त्याच्या १·२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये ट्रॅकची संख्या ८० व शीर्ष अरुंद होते. त्यावर ‘३६० के’ तबकडीत काही लिहिले, तर जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध अरुंद पट्टा उमटे व कडेला जुना मजकूर राही. जुन्या ड्राइव्हचे रुंद शीर्ष दोन्ही एकदम वाची आणि काहीच समजत नसे. पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर?’ असा प्रश्न उमटे. त्यातील तिसरा पर्याय निवडणे क्वचितच हितावह असे. दोष मात्र बहुतेक वेळा बिचाऱ्या तबकडीला दिला जाई.

लाहोर येथे तयार झालेल्या ‘ब्रेन’ या १९८६ मधील विषाणू आज्ञावलीने वाटप-तक्त्याचाच आडोसा घेतला. तबकडीच्या पहिल्या सेक्टरमध्ये ती शिरे आणि आपले उरलेले भाग ज्या पुंजांत ठेवी त्यांवर तक्त्यात ‘खराब’ अशी खूण करी. खराब पुंजांकडे डॉस फिरकत नसल्याने ते भाग सुरक्षित राहत.

या सर्वांवर उपाय एकच, तो म्हणजे प्रती. नियमित कामाच्या ठिकाणी तीन तबकड्या फिरत्या ठेवीत : आजची, कालची व परवाची. आजची बिघडली तर कालचीवरून काम पुढे चाले. त्यांपैकी एक तबकडी दुसऱ्या इमारतीत ठेवणे इष्ट असले, तरी हा नियम पाळणारे थोडेच. आवरणावर चिकटवायच्या चिठ्ठीवर आधीच लिहून मग ती लावावी, चिकटविल्यावर लिहावयाचे झाल्यास मऊ टोकाची लेखणी वापरावी आणि ध्वनिक्षेपकासारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून तबकडी दूर ठेवावी, असे सांगितले जाई.

उत्तरकाल : साडेतीन इंची तबकडीची ‘१·४४ मेगाबाइट’ ही क्षमता ना दशमान हिशेबाने बरोबर आहे ना द्विमान. १,४४० ला १,०२४ ने गुणून येणाऱ्या १४,७४,५६० बाइटांना हे नाव रूढ झाले. १९९८ मध्ये ॲपल कंपनीने आयमॅक संगणकातून फ्लॉपी ड्राइव्ह वगळला. सोनी कंपनीने २०११ मध्ये तबकड्यांची विक्री थांबविली. अमेरिकेच्या अण्वस्त्र-नियंत्रण यंत्रणेतून ८ इंची तबकडी २०१९ मध्ये निघाली.

मराठी मजकुराच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. डॉसमध्ये फाइलींची नावे रोमन लिपीतच द्यावी लागत, ही बाब किरकोळ. देवनागरीसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस १३१९४ हे संकेत-मानक १९९१ मध्ये निघाले आणि पुण्याच्या ‘सी-डॅक’ (स्थापना १९८८) या संस्थेने त्यावर आधारलेली साधने पुरविली. तथापि छपाईच्या व्यवसायात निरनिराळ्या कंपन्यांचे अक्षरसंच प्रचलित झाले. त्या प्रत्येकात ‘क’ला वेगळा अंक, जोडाक्षरांची मांडणी वेगळी. त्यामुळे त्या काळात तबकडीवर साठविलेले एखादे मराठी हस्तलिखित आज वाचावयाचे झाल्यास प्रथम चालू स्थितीतील ड्राइव्ह मिळवून सर्व सेक्टरांची जशीच्या तशी प्रत घ्यावी लागते, नंतर सूची व तक्ता यांवरून फाइल जुळवावी लागते आणि अखेरीस ती कोणत्या अक्षरसंचात टंकित केली होती हे ओळखून मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा लागतो. शेवटच्या टप्प्यासाठी लागणारे अक्षरसंचाचे नाव कित्येकदा तबकडीवर कोठेच नोंदलेले नसते. ते आवरणावरील चिठ्ठीवर लिहिलेले असेल तरच मिळते.