हळदीकुंकवाच्या मांडवात आरोग्याचे वाण

सूर्यनारायणाने मकर राशीत पाऊल ठेवले की महाराष्ट्रातील घराघरांतून हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या या दिवसांत गावातील कोणत्याही स्त्रीला घराबाहेर पडण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. शेतातली खुरपणी, गोठ्यातले शेण, चुलीपुढचा धूर हे सारे दोन घटका बाजूला सारून ती ठेवणीतले लुगडे नेसते आणि शेजारणीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहते. वर्षभरात असा हक्काचा वेळ तिच्या वाट्याला किती वेळा येतो?

याच दिवसांत एके वर्षी बालाघाटच्या डोंगररांगेतील एका लहानशा गावी जाण्याचा योग आम्हांस आला. तेथील महिला मंडळाने यंदाचे हळदीकुंकू मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात एकत्रच करण्याचे योजिले होते, आणि त्याला जोडून आरोग्य केंद्रातील परिचारिकेला व गावच्या आशाताईंना बोलावले होते. मंडपाच्या एका अंगाला सुगडी मांडलेली, त्यांत हरभरा, बोरे, ऊस, गाजर. दुसऱ्या अंगाला वजनाचा काटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि बोटाला टोचून रक्त तपासण्याचे सामान. प्रथम कपाळाला कुंकू, हातावर तिळगूळ, मग बोट पुढे. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न लुटता मंडळाने लोखंडी पळ्या आणल्या होत्या, हे आम्हांला विशेष भावले. लोखंडी कढईत, लोखंडी पळीने शिजवलेल्या भाजीत, त्यातही चिंच-आमसुलाचा आंबटपणा असला तर, लोहाचा थोडाफार अंश उतरतो. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात ही भांडी होतीच; आपणच ती अडगळीत टाकली.

टोचलेल्या बोटांवरून जे आकडे निघत होते ते मात्र सणाच्या दिवशी ऐकवत नव्हते. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा ग्रॅम तरी असावे, गर्भवतीच्या अकरा. येथे नऊ, साडेआठ हे शब्द वारंवार कानी पडत होते. हे काही त्या एका गावाचे दुर्दैव नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के, तर साऱ्या देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या दर दोघींपैकी एकीच्या कपाळावरचे कुंकू लाल. रक्त मात्र फिकट.

भोगीच्या दिवशी आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी करतो. थंडीच्या ऋतूला इतका अनुकूल नैवेद्य दुसरा नसेल. तथापि श्रद्धेच्या भरात वाचक भगिनींची दिशाभूल आम्ही करणार नाही. एका दिवसाच्या भोगीने आणि चार तिळाच्या लाडवांनी रक्त भरून येत नाही. ते ताट वर्षभर वाढले पाहिजे, आणि वाढताना घरच्या लक्ष्मीसाठी भाजी शिल्लक राहिली पाहिजे. जेवणाला लागूनच चहा घेतला तर अन्नातील लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू, आवळा, पेरू जवळ करावा. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. गर्भवतीने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस गोळी घ्यावयाची असते. गोळीने शौचास काळे होते म्हणून घाबरून ती मध्येच सोडणाऱ्या कितीतरी सुना त्या मंडपात निघाल्या. परिचारिकेने त्यांना समजावले तेव्हा एकमेकींकडे पाहून त्या हसल्या. घरात हे विचारणार कोणाला?

खरी अडचण या न विचारण्यातच आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या अवघ्या आठ! लज्जा हा कुलस्त्रीचा अलंकार खरा. पण अलंकाराने गळा आवळला जाऊ लागला तर तो उतरवून ठेवावा लागतो.

ज्या बालाघाटात आम्ही बसलो होतो त्याच परिसराने याचा मार्गही दाखविला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम आरंभिले, तेव्हा आरोग्यसेविका म्हणून त्यांनी निवडल्या त्या गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बाया. आई तुळजाभवानीच्या, आज धाराशिव म्हणविणाऱ्या जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. विषाणूच्या एका तपासणीने आणि वेळीच केलेल्या उपचाराने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आले. खेड्यातल्या अशा हजारो बाया तपासणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडतात, याहून मोठे सीमोल्लंघन ते कोणते!

परंतु हळदीकुंकवाला एक उंबरठा अजून उरला आहे. त्या दुपारी मंडपाबाहेरच्या पारावर साधारण साठीची एक बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. कपाळ मोकळे. आशाताईंनी तिला दोनदा हाक मारली. “मी कशाला येऊ आत? मला कुठं कुंकू लागतंय,” एवढेच ती म्हणाली, आणि त्यात रागही नव्हता. अखेर मंडपातली सर्वांत वडीलधारी सुवासीण काठी टेकीत बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, दाब बघायच्या यंत्राला तरी कुठं कुंकू लागतंय? ऊठ.” तिने हाताला धरूनच तिला आत आणले. एकदोघींनी माना वळवल्या, हेही आम्ही पाहिले.

तिचा दाब बराच वाढलेला निघाला. पण पुढे, परिचारिकेने पडद्याआड हलक्या आवाजात विचारपूस केली तेव्हा कळले ते अधिक गंभीर होते. पाळी जाऊन बारा वर्षे झाली असता गेले चार महिने तिच्या अंगावर पुन्हा रक्त जात होते. हे कधीही अंगावर काढू नये. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते आणि त्याची तपासणी लगोलग झाली पाहिजे. तिने ते कोणालाही सांगितले नव्हते, कारण चार बायकांत बसण्याचा प्रसंगच तिला येत नव्हता.

धर्मकृत्यात ही औषधपाण्याची भेसळ कशाला, असे म्हणणारे आम्हांला भेटतात. आम्ही त्यांना विचारतो, वाण द्यावयाचे ते कोणाला? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. त्याच वर्षी राज्यात नवरात्राच्या नऊ दिवसांत स्त्रियांच्या आरोग्यतपासणीची मोहीम घटस्थापनेपासून सुरू झाली. देवीच्या उत्सवाला ते शोभलेच. मात्र छायाचित्रापुरते शिबिर भरवून, हाती चिठ्ठी देऊन पाठ फिरविणाऱ्यांविषयी आमचे मत चांगले नाही. चिठ्ठीबरोबर गोळी, आणि गोळीबरोबर महिन्याने दारात येणारे कोणीतरी हवे.

त्या गावच्या मंडळाने निदान तेवढे केले. सोमवारच्या पहिल्या एस.टी.ने आशाताई तिला तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन जाणार असे मंडपातच ठरले, आणि सोबतीला ती काठीवाली सुवासीण निघाली. उठताना कोणीतरी तिच्याही हातात वाण ठेवले. ती घेऊ की नको अशी क्षणभर घुटमळली; मग ती लोखंडी पळी पदराखाली झाकून घेऊन घराकडे गेली.