खोक्यातला संगणक आणि चौथीचे गणित

शाळेत नवे यंत्र आले की मुले त्याच्याभोवती गोळा होतात. पण त्या यंत्राने मुलांना गणित अधिक चांगले येऊ लागते का, हे कसे ठरवायचे? ‘मुलांना ते आवडते’ हे काही उत्तर नव्हे. मुलांना पतंगही आवडतो!

बडोद्यात काय घडले ते पाहा. इ.स. २००० मध्ये सरकारने तेथील शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा बहुतेक संगणक खोक्यांतच पडून होते. ते चालवणारे कोणी नव्हते! मग संस्थेने चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ सुरू केले. एका संगणकापाशी दोन मुले, आठवड्याला दोन तास. त्यांपैकी एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळेच्या आधी किंवा नंतर.

समजा, वर्षअखेरीस मुलांचे गुण वाढलेले दिसले. ते श्रेय संगणकाला द्याल? जरा थांबा. वर्षभर गुरुजी शिकवतच असतात, घरी ताई पाढे म्हणून घेते. गुण एरवीही थोडे वाढणारच. खताचा परिणाम पाहण्यासाठी शेतकरी शेजारचा एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसेच येथे करावे लागते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. (या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) २००२-०३ साली निम्म्या शाळांत खेळ, निम्म्यांत नाही; पुढच्या वर्षी अदलाबदल. कोणत्या शाळेत आधी, हे सोडतीने ठरले. मुख्याध्यापकांना विचारून ठरवले असते, तर उत्साही शाळाच पुढे आल्या असत्या आणि त्यांच्या उत्साहाचे गुण संगणकाच्या खात्यात जमा झाले असते!

निकाल काय लागला? खेळ खेळलेली मुले गणितात स्पष्टपणे पुढे होती. भाषेत मात्र फरक पडला नाही. नुसत्या संगणकाच्या सहवासाने मूल हुशार होत असते, तर तो भाषेतही दिसला असता. आणखी एक गोष्ट: खेळ थांबल्यावर वर्षभराने पुन्हा तपासले, तेव्हा मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले होते.

खर्चाचेही पाहू. याच संशोधकांनी मुंबईत आणि बडोद्यात ‘बालसखी’ योजनाही तपासली. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास शिकवी. तिच्या मुलांची प्रगती संगणकाइतकी मोठी नव्हती, पण खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर. संगणकाचा सुमारे पंधरा. तेवढ्याच पैशात किती अधिक मुलांना बालसखी मिळेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

असा प्रयोग तुमच्या शाळेतही करता येईल. मात्र ‘अ’ तुकडीला यंत्र आणि ‘ब’ तुकडीला नाही, असे करू नका. कदाचित ‘अ’ तुकडीचे शिक्षकच अधिक चांगले असतील. दोन्ही तुकड्यांतील मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका, प्रत्येक तुकडीतून निम्म्या उचला आणि सुरुवातीची परीक्षा यंत्र लावण्यापूर्वीच घ्या.