टीव्हीवर चित्र आलं, आवाज कुठे मुरला?



खरीप जवळ आला की आपल्या जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा सहाही तालुक्यांत गटाच्या बैठकांना जोर येतो. बियाणं, खत, कर्जाचा हप्ता यांची बोलणी होतात. आता त्यासोबत व्हिडिओही दाखवतात. ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि तीस-चाळीस जणींनी समोर बसायचं. उमेदची ऑनलाइन बैठक असो की शेतीचं प्रशिक्षण, पद्धत हीच. चित्र झकास येतं, पण टीव्ही मुका! आवाज येतो तो लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून, पुढच्या ओळीपुरता. कधी तर तोही नाही.

मग कोणाच्या तरी मुलाला फोन जातो. तो शेतात असतो, नाहीतर तालुक्याला गेलेला असतो. अर्धा तास असाच जातो. मागच्या बाया हळूच उठतात, "चला बाई, सयपाक पडला आहे." पुढच्या वेळी त्यांना निरोप दिला तर म्हणतात, "तिथं काही ऐकू येत नाही." गटागटांत फिरताना आम्हाला हे इतक्या वेळा दिसलं, की आजचं बोलणं याच विषयावर ठेवलं आहे.

कोणी म्हणेल, आवाज नसला तर काय झालं, चित्र तर दिसतं ना? सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा व्हिडिओ आठवा. चित्रात बाई बियाण्याला एकामागून एक तीन औषधं चोळताना दिसते. पण आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू खत, हा क्रम ती तोंडाने सांगते. क्रम उलटा झाला तर बुरशीनाशकाने जिवाणू मरतात आणि खत वाया जातं. उगवणशक्तीचंही तसंच. शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवले, मग मोजले, एवढं दिसतं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, हे मात्र ऐकावं लागतं. पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हेही ऐकायचंच असतं. ज्या सखीला वाचता येत नाही, तिच्यासाठी पडद्यावरची अक्षरं कामाची नाहीत. तिचं सगळं शिक्षण आवाजात आहे. आवाज गेला की पहिल्यांदा तीच बाहेर पडते.

ही गोष्ट जुन्या जाणत्यांनीही ओळखली होती. १९७५-७६ साली देशातल्या सहा राज्यांत, सुमारे २,४०० गावांत, उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या योजनेत एका चित्रासोबत आवाजाचे दोन वेगळे मार्ग ठेवले होते. तेच चित्र पाहताना आंध्रातल्या गावाला तेलुगू आणि कर्नाटकातल्या गावाला कन्नड ऐकू यावी, म्हणून. चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात ठेवा. एक आली म्हणून दुसरी येईलच असं नाही.

आवाजाची पाइपलाइन

विहिरीवर मोटर चालू आहे आणि वाफ्यात पाणी नाही, तर आपण काय करतो? लगेच मोटर खोलत नाही. विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाइपाच्या कडेने चालत जातो. कुठे कॉक बंद आहे, कुठे जोड सुटला आहे, कुठे पाणी दुसऱ्याच वाफ्यात चाललं आहे, ते बघतो. आवाजाचंही तेच करायचं. त्याच्या वाटेवर चार ठिकाणं आहेत: व्हिडिओ, लॅपटॉप, केबल आणि टीव्ही. याच क्रमाने चालत जा. मधलं ठिकाण गाळू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बटणं एकदम दाबली तर कशाने जमलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच अडचण.

पहिलं ठिकाण: व्हिडिओ

केबल काढून व्हिडिओ नुसत्या लॅपटॉपवर लावून बघा. तिथे आवाज आला तर व्हिडिओ चांगला आहे, पुढे चला. नाही आला तर व्हिडिओच्या खालच्या पट्टीत स्पीकरचं लहान चित्र असतं. त्यावर फुली किंवा आडवी रेघ असेल तर एकदा दाबा. मग स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर आहे, त्यावरही फुली नाही ना ते बघा. दुसरा व्हिडिओ लावून पाहिला आणि त्याला आवाज आला, तर पहिल्या व्हिडिओतच आवाज भरलेला नाही असं समजा.

दुसरं ठिकाण: लॅपटॉप

पाणी बहुतेक वेळा इथेच मुरतं. लॅपटॉपला आवाज सोडायला एकाहून जास्त वाटा असतात. त्याचा स्वतःचा स्पीकर, हेडफोन, ब्लूटूथ आणि केबल जोडल्यावर टीव्ही. केबल लावली की लॅपटॉपने आवाज आपणहून टीव्हीकडे वळवावा असं अपेक्षित असतं. पुष्कळदा तो वळवतो, पण कधी कधी नाही. मग चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपवर, अशी फाटाफूट होते. यात बिघाड काही नसतो. कॉक दुसऱ्या वाफ्याकडे राहिलेला असतो, एवढंच.

तो फिरवायचा कसा? केबल जोडलेली आणि टीव्ही चालू असू द्या. घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करा. आवाज कमी-जास्त करायची पट्टी उघडते. विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर आणि विंडोज ११ मध्ये पट्टीच्या शेजारी एक लहान बाण किंवा खूण दिसते. ती दाबली की नावांची यादी येते. त्यात 'स्पीकर्स' म्हणजे लॅपटॉपचा आपला स्पीकर. टीव्हीच्या कंपनीचं नाव, किंवा 'एचडीएमआय', किंवा 'डिजिटल ऑडिओ', 'डिस्प्ले ऑडिओ' असे शब्द ज्या नावात असतील ते म्हणजे टीव्ही. त्यावर क्लिक करा. बहुतेक वेळा इथेच टीव्ही बोलायला लागतो.

यादीत टीव्हीचं नावच नसेल तर कीबोर्डवर चार चौकोनांची खूण असलेलं विंडोज बटण दाबून धरा आणि 'पी' अक्षर दाबा. येणाऱ्या यादीतून 'डुप्लिकेट' निवडा, म्हणजे लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हींवर सारखंच चित्र येईल. मग आवाजाची यादी पुन्हा उघडा. तरी नाव दिसत नसेल तर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. नुसता बंद करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' बरं, कारण बंद करताना विंडोज काही गोष्टी तशाच जपून ठेवतं.

यादीत टीव्ही निवडला आणि तरीही आवाज लॅपटॉपमधूनच येतो, असंही होतं. तेव्हा व्हिडिओ दाखवणारं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. काही ॲप सुरुवातीला धरलेली वाट सोडत नाहीत. झूमच्या बैठकीत तर स्पीकरची निवड वेगळी असते. माईकच्या चित्राशेजारचा बाण दाबा आणि 'सिलेक्ट अ स्पीकर' खाली टीव्हीचं नाव निवडा. टीव्हीचा आवाज सुरू झाला की आपला माईक बंद ठेवा. नाहीतर टीव्हीचा आवाज माईकमध्ये शिरतो आणि पलीकडच्यांना बोलणं घुमल्यासारखं ऐकू येतं. बोलायची वेळ आली की तेवढाच उघडा.

तिसरं ठिकाण: केबल

केबल हातात घेऊन तिचं तोंड बघा. चपटं, रुंद, दोन्ही खालचे कोपरे आत वळलेले असतील तर ती एचडीएमआय. ही पद्धत २००२ च्या डिसेंबरमध्ये आली. तिच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. तोंडात तीन ओळींत पंधरा बारीक पिना आणि दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू असतील तर ती व्हीजीए. ही १९८७ ची. ती फक्त चित्र नेते. व्हीजीए लावून कितीही बटणं दाबली तरी तिच्यातून आवाज येणार नाही, कारण त्या पाइपात आवाजाला जागाच नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या कॉम्प्युटरला बहुधा हीच केबल असते.

व्हीजीए असेल तर आवाजासाठी दुसरी वायर लागते. मोबाइलच्या हेडफोनसारखी गोल पिन दोन्ही टोकांना असलेली. एक टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात, किंवा मोठ्या कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात. दुसरं टोक टीव्हीच्या मागे व्हीजीएच्या जागेजवळ 'ऑडिओ इन' लिहिलं असतं तिथे. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात ते घालू नका. त्यातून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. टीव्हीला 'ऑडिओ इन' नसेल तर वायर सरळ स्पीकर बॉक्सला किंवा माईक-सेटला जोडा. माईक-सेटचा आवाज आधी अगदी कमी ठेवा आणि मग हळूहळू वाढवा.

एचडीएमआयचं व्हीजीए करणारी छोटी डबी दुकानात मिळते. ती घ्यायची झाली तर तिच्यावर आवाजाच्या पिनेचं भोक आहे का ते आधी बघा. ते नसेल तर आवाज त्या डबीशीच थांबतो.

एचडीएमआय असूनही आवाज नसेल तर दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. मग टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय जागेत लावा आणि रिमोटवरच्या 'सोर्स' बटणाने तीच जागा निवडा. शेवटी दुसऱ्या गटाची केबल आणून बघा. नवीन विकत घेण्याआधी उसनी आणून बघणं केव्हाही परवडतं.

चौथं ठिकाण: टीव्ही

इथे आपल्याकडची एक नेहमीची गंमत आहे. रोज टीव्ही बघताना आपण सेटटॉप बॉक्सच्या रिमोटने आवाज वाढवतो. टीव्हीचा स्वतःचा आवाज कमीच राहिलेला असतो. लॅपटॉप जोडल्यावर सेटटॉप बॉक्सचा काही संबंध उरत नाही. त्या रिमोटचं बटण कितीही दाबा, लॅपटॉपचा आवाज वाढत नाही. टीव्हीचा रिमोट शोधा. तो कपाटात नाहीतर कुलपात असतो. आधी त्याचं 'म्यूट' बघा, मग आवाज वाढवा.

दुसरं, शाळेत किंवा सभागृहात मोठे स्पीकर असतील तर त्यांची वायर कुठून निघाली ते बघा. ती सेटटॉप बॉक्समधून निघाली असेल तर लॅपटॉपचा आवाज त्या स्पीकरला पोचत नाही. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट' असतं. तिथे बाहेरचा किंवा ब्लूटूथ स्पीकर निवडलेला राहिला असेल तर 'टीव्ही स्पीकर' करा.

लाइन गेली आणि आली तर

आपल्याकडे बैठक चालू असताना लाइन जाणं नवीन नाही. टीव्ही बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. टीव्ही नाहीसा झाला म्हणून लॅपटॉप आवाज स्वतःकडे घेतो. लाइन आल्यावर चित्र परत येतं, पण आवाज परत वळेलच असं नाही. तेव्हा घाबरू नका, दुसऱ्या ठिकाणी जाऊन यादीतून टीव्हीचं नाव पुन्हा निवडा.

चारही ठिकाणं पाहून झाली आणि तरी आवाज नाही, तर लॅपटॉपमधलं आवाजाचं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असू शकतो. विंडोजचं अपडेट करून घ्या. पण ते काम बैठक चालू असताना करू नका, इंटरनेट आणि वेळ दोन्ही खातं. त्या दिवसापुरता लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवा आणि ग्रामपंचायतीचा माईक लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरा. आवाज तेवढा गोड येणार नाही, पण शेवटच्या ओळीतल्या आजीला शब्द कळतील.

हे काम कोणी शिकायचं?

प्रत्येक ग्रामसंघात दोघी जणींनी. एकीला बाळंतपण, आजारपण, माहेर असतं, म्हणून दोघी. त्या शिकलेल्याच असाव्यात असं नाही. वर सांगितलेल्या खुणा चित्रांच्या आहेत: स्पीकर, फुली, बाण, चार चौकोन. मोबाइलवर व्हॉट्सॲप चालवणाऱ्या सखीला त्या ओळखता येतात. बाया जमायच्या अर्धा तास आधी त्या दोघींनी जाऊन जोडणी करावी आणि खोलीच्या अगदी मागच्या भिंतीशी उभं राहून दोन मिनिटं व्हिडिओ ऐकावा. तिथे शब्द स्पष्ट आले तर सगळीकडे येतील.

एका पुठ्ठ्यावर चारच शब्द मोठ्या अक्षरांत लिहा: व्हिडिओ, लॅपटॉप, केबल, टीव्ही. प्रत्येकापुढे त्याचं चित्र काढा आणि पुठ्ठा टीव्हीशेजारी टांगा. गटाच्या खोक्यात एचडीएमआय केबल, आवाजाची वायर आणि टीव्हीचा रिमोट एकत्र ठेवा. ज्या दिवशी जी अडचण आली आणि ज्याने सुटली, ती बैठकीच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवा. दोन-चार बैठकांत तुमच्या गावच्या टीव्हीची खोड तुम्हाला पाठ होईल, आणि सोयाबीनच्या बियाण्याला आधी काय चोळायचं हे मागच्या ओळीतली सखीही घरी जाऊन सांगेल.